नाव घेण्याचं धाडस

परवा आमच्या अवसरी बुद्रुकमध्ये बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीत नोंदी झाल्या आणि चहा उकळेपर्यंत गप्पा रंगल्या त्या खुनाच्या! घाबरू नका, टीव्हीवरच्या खुनाच्या. आदल्या रात्रीच्या मालिकेत खुनी कोण निघाला, यावरून दोघींची चांगलीच जुंपली. एकीने म्हणे पहिल्या पाच मिनिटांतच ओळखलं होतं. दुसरीला शेवटपर्यंत नवऱ्याचाच संशय होता.

रहस्यकथांचं हे वेड काही आजचं नाही. आमच्या वडिलांच्या पिढीला ते बाबूराव अर्नाळकरांनी लावलं. झुंजार आणि काळापहाड यांच्या गोष्टी उशाखाली लपवून वाचल्या जायच्या. एकाच पुस्तकाची पानं चार घरांतून फिरून खिळखिळी व्हायची. अशा गोष्टींत खुनी कोण हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही आणि कळलं की सगळं संपतं. पुस्तक मिटायचं, दिवा मालवायचा आणि निवांत झोपायचं.

आमच्या गप्पा ऐकत एक आजी कोपऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, की खऱ्या खुनात असं कुठं असतं? खुनी कोण ते साऱ्या गावाला माहीत असतं, फक्त बोलत कोणी नाही. सगळ्या एकदम गप्प झाल्या. तेवढ्यात एक तरुण सूनबाई हसून म्हणाली, की शेवटी प्रत्येक भानगडीच्या मागे बाईच असते, आनंदीबाईनं नाही का ध चा मा केला?

आजींचं म्हणणं आणि त्या सूनबाईचा विनोद, दोन्ही माझ्या डोक्यातून जाईनात. घरी येऊन कॉलेजच्या काळातली इतिहासाची पुस्तकं पुन्हा काढली. कारण त्या दोन्ही बोलण्यांचं उत्तर एकाच माणसाच्या आयुष्यात आहे, असं वाटत होतं. तो माणूस म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. नि:स्पृह न्यायाधीश म्हटलं की आपल्या तोंडी आपोआप त्यांचं नाव येतं. पण त्यांनी एका खुनाचा तपास केला होता आणि तोही आपल्या धन्याच्या खुनाचा, हे आपण जरा विसरतोच.

रामशास्त्री मूळचे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम आहे ना, तिथले. लहानपणीच वडील गेले, शिक्षणाकडे कोणी बघितलं नाही. वयाची बरीच वर्षं अक्षरओळखीवाचूनच गेली म्हणतात. साताऱ्याला अनगळ सावकाराच्या घरी ते पडेल ते काम करत. त्यांची एक गोष्ट सांगितली जाते. सावकाराच्या पायावर पाणी घालताना या पोराची नजर सावकाराच्या कानातल्या भिकबाळीच्या मोत्यांवर खिळली आणि पाणी भलतीकडेच पडू लागलं. सावकाराने टोमणा मारला, की असे मोती कानात यायला अंगात विद्या लागते. ते बोलणं पोराच्या जिव्हारी लागलं. तो उठला आणि विद्या शिकायला थेट काशीला गेला. गोष्टीत तिखटमीठ किती, देव जाणे. पण शिकायचं वय निघून गेलेला एक मुलगा काशीहून मोठा शास्त्री होऊन परतला, हे काही थोडं नाही. घरची परिस्थिती नाही म्हणून शाळा सुटलेल्या आपल्या मुलामुलींना ही गोष्ट जरूर सांगावी.

१७५१ मध्ये ते पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून लागले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. पद मोठं, पण राहणी अगदी साधी. घरात एका दिवसाला पुरेल एवढाच शिधा ठेवायचा, असा त्यांचा नेम होता म्हणतात. हे वाचलं की मला पहिल्यांदा आठवण येते ती त्यांच्या बायकोची! उद्याच्या पिठाची सोय नसताना आल्यागेल्याचं तिने कसं केलं असेल?

त्या माउलीची आणखी एक आख्यायिका आहे. एकदा ती शनिवारवाड्यात हळदीकुंकवाला गेली. न्यायाधीशांची बायको इतकी साधी, हे पेशवीणबाईंना बघवेना. त्यांनी तिला भरजरी शालू नेसवला, अंगभर दागिने घातले आणि पालखीत बसवून घरी पाठवलं. रामशास्त्र्यांनी दारातच पालखी अडवली. ही बाई आपल्या घरातली नव्हे, भोयांचं घर चुकलं असेल, असं सांगून दार लावून घेतलं. बाई समजली. तिने दागिने परत केले, आपलं जुनं लुगडं नेसली आणि मगच घरात आली. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला शास्त्रीबुवांचा रागच यायचा. एक दिवस नटली बिचारी, तर काय बिघडलं? आता मात्र त्यामागचं कारण कळतं. वाड्याचे दागिने घरात आले, की वाड्याविरुद्ध तोंड उघडताना जीभ अडखळते. पुढे तशी वेळ आलीच.

थोरल्या माधवरावांचा रामशास्त्र्यांवर फार विश्वास होता. हा तरुण पेशवा जपजाप्यात फार वेळ घालवतो आणि कामं खोळंबतात, हे शास्त्रीबुवांच्या लक्षात आलं. तेव्हा त्यांनी राज्य करायचं की काशीला जाऊन जप करायचा, हे एकदा ठरवा, असं त्याला स्पष्ट सुनावलं. माधवरावांनी राग मानला नाही, उलट आपली चूक सुधारली. असा धनी आणि असा न्यायाधीश एकाच वेळी मिळणं हे त्या राज्याचं भाग्यच म्हणायचं. पण ते फार दिवस टिकलं नाही. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवरावांचं क्षयाने निधन झालं. धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले, तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, पेशवाईवर डोळा ठेवून होते. म्हणून त्यांना शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवलं होतं.

३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे दिवस होते. वाड्यात पाहुणेरावळे, पूजाअर्चा, पंगती चालू होत्या. काहीतरी शिजतंय अशी कुणकुण सकाळीच लागली होती. नारायणरावांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलंही होतं. पण बंदोबस्त व्हायच्या आतच भर दुपारी गारदी, म्हणजे वाड्यावरचे पगारी पहारेकरी शिपाई, थकलेल्या पगाराचा गलका करत आत घुसले. सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद युसूफ हे त्यांचे पुढारी. जेवून आडवे झालेले नारायणराव जीव घेऊन पळाले ते थेट काकांकडे. काकांना मिठी मारून त्यांनी जीव वाचवण्यासाठी गयावया केली. राघोबांचा खास सेवक तुळाजी पवार याने त्यांना ओढून बाजूला केलं आणि तलवारी चालल्या. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला, तोही त्यांच्याबरोबर मारला गेला.

अर्ध्या तासात वाड्यात अकरा माणसं मारली गेली. त्यात दोन दासीही होत्या. चाफाजीचं नाव निदान पुस्तकांत राहिलं. त्या दोघी मात्र आकड्यापुरत्याच उरल्या. सणाची भांडीकुंडी आवरत असतील, नाहीतर फुलं निवडत बसल्या असतील. थोरामोठ्यांच्या भांडणात मधल्यामधे मरतात त्या अशाच बायका.

संध्याकाळपर्यंत साऱ्या पुण्याला कळलं होतं, की हे कोणी घडवलं. आमच्या शेंगा फोडणाऱ्या आजी म्हणाल्या, ते हेच! इथे शेवटच्या पानापर्यंत थांबायची गरजच नव्हती. कोणाचा फायदा झाला, ते उघड होतं. राघोबादादा पेशवे झाले, साताऱ्याहून पेशवेपदाची वस्त्रंही आली. गारद्यांना त्यांची रक्कम मोजून मिळाली. जे कारभारी काल नारायणरावांना मुजरा करत होते, तेच आज दादांना करू लागले. लोक कुजबुजत होते, पण मोठ्याने कोणीच बोलत नव्हतं. कारण ज्याच्यावर संशय, तोच आता राजा. तक्रार करायची कोणाकडे?

पण न्यायाधीशाच्या जागेवर रामशास्त्री होते. कोणी तक्रार करायची त्यांनी वाट बघितली नाही. वाड्यात माणसं मारली गेली आहेत, म्हणजे चौकशी झाली पाहिजे, एवढं सरळ गणित. त्या काळी हातांचे ठसे नव्हते, रक्ताची तपासणी नव्हती, शवविच्छेदन नव्हतं. होते ते फक्त साक्षीदार, कागद आणि पैशाचा माग. कोणी कोणाला निरोप नेला, दारावर पहारा कोणाचा होता, पैसे कोणी कबूल केले आणि कोणी दिले, हे एकेक धागे त्यांनी गोळा केले. सुमारे सहा आठवडे हे काम चाललं. आपल्याकडच्या खुनाच्या तपासाच्या इतिहासात या सहा आठवड्यांना मोठं मानाचं पान द्यायला हवं.

या कटातल्या माणसांची नावं पुढे निष्पन्न झाली ती पन्नासच्या आसपास. रियासतकार सरदेसायांनी दिलेल्या हिशेबात त्यातले गारदी आहेत फक्त तेरा. बाकीचे कोण? वाड्याच्याच मिठावर जगणारे, कारकुनी करणारे, ओळखीपाळखीचे. आपण मात्र अजूनही गारद्यांनी खून केला एवढंच म्हणतो. तलवार धरणारा हात दिसतो, त्या हाताला बळ देणारे दिसत नाहीत. रामशास्त्र्यांचं मोठेपण हे, की ते तलवारीपाशी थांबले नाहीत.

पुरावा हाती आल्यावर ते थेट राघोबादादांपुढे जाऊन उभे राहिले. राघोबांनी म्हणे एवढंच कबूल केलं, की नारायणरावाला धरायचा हुकूम आपण दिला होता, मारायचा नव्हे. मग प्रायश्चित्त काय, असा प्रश्न निघाला. त्या काळी दानधर्म, तीर्थयात्रा, ब्राह्मणभोजन अशा वाटा असायच्याच. रामशास्त्र्यांनी त्यातली एकही वाट दाखवली नाही. या पापाला देहान्त हेच एक प्रायश्चित्त आहे, असं त्यांनी भर दरबारी सांगितलं. आणि जोवर दादांचा अंमल आहे तोवर पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असं म्हणून ते सरळ चालते झाले. वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

विचार करा, मैत्रिणींनो. त्यांच्या हाती फौज नव्हती, तुरुंग नव्हता. राजाला शिक्षा देण्याची ताकद त्यांच्यात नव्हती आणि तशी शिक्षा शेवटपर्यंत झालीही नाही. त्यांनी केलं ते एवढंच, की सगळ्यांना माहीत असलेलं नाव मोठ्याने घेतलं. पण त्या एका उच्चाराने हवा पालटली. कुजबुजणाऱ्यांना आधार मिळाला. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके अशा कारभाऱ्यांनी एकत्र येऊन राघोबांविरुद्ध फळी उभारली. तेच बारभाईंचं कारस्थान. नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित ठेवण्यात आलं. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला मुलगा झाला, तो सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या त्या तान्ह्या बाळाला पेशवेपदाची वस्त्रं मिळाली. कारभार बारभाईंच्या हाती आला आणि रामशास्त्री पुन्हा सन्मानाने आपल्या जागेवर आले. गारद्यांचे पुढारी पांगले, काही मेले, काही पकडले जाऊन देहदंडाला गेले. राघोबा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. त्यांच्यापायी मराठ्यांची इंग्रजांशी पहिली लढाई झाली. शेवटी ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगावला त्यांचा मृत्यू झाला.

आता उरली आनंदीबाई. आमच्या सूनबाईचा विनोद.

गोष्ट आपल्याला पाठच आहे. राघोबांनी हुकुमात धरावे असं लिहिलं, त्यांची बायको आनंदीबाई हिने ध खोडून मा केला आणि धरावेचं मारावे झालं. ही गोष्ट इतकी रुजली, की कोणी शब्द फिरवला की आपण ध चा मा केला म्हणतो. पण हे कळलं कुठून? इंग्रज अधिकारी ग्रँट डफ याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात ही हकिगत आहे. म्हणजे खुनानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी. त्यातही रामशास्त्र्यांना बदललेला कागद मिळाल्याचं तो लिहितो, पण अक्षर आनंदीबाईने बदललं हे मात्र लोकांची समजूत म्हणूनच सांगतो. सिद्ध झालेली गोष्ट म्हणून नव्हे. रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते कोणाला? राघोबांना. बायकोने अक्षर बदललं म्हणून नवरा सुटला, असं त्यांनी म्हटलं नाही. हुकूम ज्याचा, जबाबदारी त्याची.

आनंदीबाई अगदी निर्दोष होत्या, असं माझं म्हणणं नाही. त्या हुशार होत्या, करारी होत्या, नवऱ्याच्या राजकारणात त्यांचा सहभाग होता. पण ज्याला गादी मिळाली त्या नवऱ्याला भोळा, बायकोच्या मुठीतला ठरवायचं आणि सगळं पाप तिच्या माथी मारायचं, हे किती सोयीचं! नाटकांनी, सिनेमांनी तेच केलं. १९४४ मध्ये प्रभातचा रामशास्त्री हा सिनेमा आला, गजानन जागीरदारांनी त्यात शास्त्रीबुवा फार सुंदर उभे केले. पण बघणाऱ्या बायाबापड्यांच्या मनात घर केलं ते ललिता पवारांच्या आनंदीबाईने. गोष्टीला एक खलनायिका लागते ना!

खऱ्या आनंदीबाईंच्या वाट्याला काय आलं? नवरा पळापळीत असताना त्या धारच्या किल्ल्यात बाळंत झाल्या, १७७५ च्या जानेवारीत. तो मुलगा म्हणजे दुसरा बाजीराव. शेवटचा काळ नाशिकजवळच्या आनंदवल्लीला पहाऱ्यात गेला. १७९४ मध्ये तिथेच त्या वारल्या. त्यानंतर त्यांच्या मुलांना आणून ठेवलं ते कुठे, माहीत आहे? आपल्या जुन्नरला, शिवनेरीवर! आपण शिवजयंतीला ज्या गडावर पाळणा म्हणायला जातो, त्याच गडावर ही मुलं कैदेत होती. खून झाला तेव्हा त्यांतला बाजीराव जन्मालाही आला नव्हता. पण आईबापांच्या नावाचा शिक्का त्याच्याही कपाळी होताच. १७९५ मध्ये सवाई माधवराव वाड्यातून पडून गेले आणि पुढच्या वर्षी याच बाजीरावाला जुन्नरहून नेऊन पेशवाईवर बसवलं. १८१८ मध्ये राज्य गेलं ते त्याच्याच हातून. एका दुपारच्या खुनाची सावली पंचेचाळीस वर्षं पुरली.

रामशास्त्र्यांना हे पुढचं बघावं लागलं नाही. २५ ऑक्टोबर १७८९ रोजी ते गेले. शेवटपर्यंत न्यायाचं काम करत राहिले आणि शेवटपर्यंत साधेच राहिले. मागे वाडे ठेवले नाहीत, जहागिरी ठेवल्या नाहीत. नाव ठेवलं.

हे सगळं वाचताना मला दोन घरं आठवत होती. गावं सांगत नाही. कामानिमित्त बायकांबरोबर दवाखान्यात, पोलीस ठाण्यात जावं लागतं, त्यातून पाहिलेली. एका घरातली लग्नाला तीन वर्षं झालेली पोर विहिरीत सापडली. तिचे हाल पाणवठ्यावर सगळ्यांना ठाऊक होते. पोलीस आले, तेव्हा मात्र पाय घसरला असेल, यापलीकडे कोणी बोललं नाही. त्या न बोलणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या आणि त्यांच्यात मीही होते. तिची मला फारशी माहिती नाही, असं म्हणून मी मागे सरले होते. दुसऱ्या घरात म्हातारा रात्रीत गेला. सकाळी तेरा जणांच्या तोंडी एकच, सुनेनं जेवणात काही कालवलं असेल. तपासणीत हृदयविकार निघाला. पण त्या सुनेकडे बघून बोटं मोडणारे आजही आहेत. पहिल्या घरात आम्ही नाव घ्यायला घाबरलो. दुसऱ्या घरात पुराव्याशिवाय नाव घेताना कोणाची जीभ अडखळली नाही. रामशास्त्र्यांनी नेमकं उलटं केलं होतं.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर त्याची सरकारी चौकशी आणि शवतपासणी व्हावी, असा कायदा आहे. पण कायद्यालाही शेवटी साक्षीदार लागतो. तो साक्षीदार विहिरीवरून, नळावरून, शेजारच्या ओट्यावरूनच यायचा असतो. म्हणजे तुमच्या-माझ्यातूनच.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की मी त्या सूनबाईला ही सगळी हकिगत सांगणार आहे. आणि त्यानंतर, सगळ्यांसमोर, त्या विहिरीतल्या पोरीचं नाव घेणार आहे. इतकी वर्षं घेतलं नव्हतं.